लोकशाही वृत्ती (प्लेटोच्या विचारातील)

लोकशाहीत स्वातंत्र्य, वासना आणि न्याय यांचे एकमेकांशी काय नाते असते, याची ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोने (सु. इ.स.पू. ४२७–३४७) ‘रिपब्लिक’ या संवादाच्या आठव्या भागात केलेली चिकित्सा. राज्याची घडी जशी, तशी त्यातल्या माणसाच्या मनाची, असे प्लेटो मानतो. मनात विवेक, तेज (म्हणजे मानीपणा व संताप) आणि वासना असे तीन अंश असतात. प्रत्येकाने आपापले काम करावे आणि सूत्रे विवेकाकडे असावीत, हाच त्याच्या मते न्याय.

लोकशाही वृत्तीचा माणूस धनलोभी बापाच्या घरात जन्मतो. बाप काटकसरीपोटी साऱ्या अनावश्यक इच्छा दाबून ठेवतो. मुलाला बाहेरची चटक लागते, आणि बऱ्याच ओढाताणीनंतर तो एक तोडगा काढतो : सगळ्या इच्छा सारख्याच मोलाच्या. मग आज बासरीच्या नादात मद्यपान, उद्या नुसत्या पाण्यावर राहून वजन उतरवणे. कधी व्यायाम, कधी आळस, मध्येच तत्त्वज्ञान, मध्येच राजकारण. चिठ्ठी निघावी तशी जी इच्छा पुढे येईल तिच्या हाती तो स्वतःचा कारभार देतो, असे प्लेटो म्हणतो. प्लेटोच्या अथेन्स नगरात पाचशे जणांचे मंडळ आणि बहुतेक अधिकारपदे चिठ्ठ्या टाकूनच भरली जात. तिथल्या वाचकाला हा टोला लगेच कळला असणार.

अशा वृत्तीच्या लोकशाही नगरात शिक्षक विद्यार्थ्यांना भिऊन असतात, बाप मुलांना. गाढवे-घोडीसुद्धा वाट न सोडता ऐटीत चालतात. कुठलाही निर्बंध सोसवेनासा झाला की लोक एखाद्याला आपला कैवारी करतात. तो अंगरक्षक मागतो, आणि इथून जुलूमशाही सुरू होते. ही कल्पनेची भरारी नव्हे : इ.स.पू. सहाव्या शतकात पिसिस्ट्रॅटसने अशीच सोटेधारी माणसे मागून घेऊन अथेन्स ताब्यात घेतले होते.

वासनांचे हे वर्णन आजही अचूक वाटते, पण अथेन्सच्या लोकशाहीवर मात्र ते अन्याय करते. इ.स.पू. ४०४ मध्ये तिथे आलेली तीस जणांची जुलमी राजवट लोकशाहीच्या अतिरेकातून नव्हे, तर स्पार्टा या ग्रीक नगरराज्याशी झालेल्या युद्धातील पराभवानंतर त्याच स्पार्टाच्या पाठबळावर आली. तिचा म्होरक्या क्रिटियस हा प्लेटोच्या आईचा नातलग. ‘रिपब्लिक’मधला संवाद ज्याच्या घरी घडतो त्या पॉलेमार्कसला याच राजवटीने विष पाजून मारले. पुढच्याच वर्षी परत आलेल्या लोकशाहीने सर्वसाधारण माफी जाहीर केली. प्लेटोचा गुरू सॉक्रेटिस याला इ.स.पू. ३९९ मध्ये देहदंड दिला तोही याच लोकशाहीने, आणि प्लेटोच्या मनातली अढी मुख्यतः तिथली आहे.

प्लेटोचा शिष्य ॲरिस्टॉटल याने ‘पॉलिटिक्स’ या ग्रंथात हा प्रश्न अधिक समतोलपणे हाताळला. लोकशाही स्वातंत्र्याचे दोन अर्थ त्याने वेगळे काढले : आळीपाळीने राज्य करणे व दुसऱ्याच्या राज्याखाली राहणे, आणि मनाला येईल तसे जगणे. दुसरा अर्थ त्याला नामंजूर होता. राज्यघटनेला धरून जगणे ही गुलामी नसून त्यातच आपले रक्षण आहे, असे तो सांगतो. स्त्रिया व गुलाम यांना मात्र या स्वातंत्र्यात अथेन्सने वाटा दिला नाही, आणि गुलामगिरीचे तर ॲरिस्टॉटलने समर्थनच केले.