प्रत्यायुक्त विधान आणि शासकीय संगणकप्रणाली (मराठवाडा)

विधिमंडळ कायदा करते, पण त्यातला सगळा तपशील स्वतः ठरवत नाही. तो ठरवण्याचा अधिकार कायद्यातच शासनाला दिलेला असतो, आणि त्या अधिकारात निघालेले नियम, विनियम, उपविधी व अधिसूचना यांना प्रत्यायुक्त किंवा दुय्यम विधान म्हणतात. शेतकऱ्याला किंवा विद्यार्थ्याला मूळ अधिनियमाची गरज क्वचितच पडते. त्याची गाठ पडते ती नियमाशी, त्याहून अधिक शासन निर्णयाशी, आणि गेल्या काही वर्षांत पोर्टल व ॲपशी. या उतरंडीत वरून खाली येताना कायदेशीर तपासणी कशी पातळ होत जाते, हे मराठवाड्यात चांगले दिसते. जमिनीच्या नोंदींपुरती इथे निजामाच्या राजवटीपासूनची कायद्यांची एकावर एक थरांची मांडणी आहे.

हैदराबाद संस्थानात जमीन महसुलाचा कायदा १३१७ फसलीचा, म्हणजे सुमारे इ.स. १९०७ चा. अधिसूचना ‘जरीदा’ या राजपत्रात निघत, आणि निजामाचे फर्मान हाही कायदाच मानला जाई. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात आले, १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ ही १५ ऑगस्ट १९६७ पासून लागू झाल्यावर जुना महसूल कायदा मागे पडला. कूळकायदा मात्र अजून हैदराबादचाच, १९५० चा. पश्चिम महाराष्ट्राचा वेगळा, विदर्भाचा वेगळा. ‘खासरा’ आणि ‘पाहणीपत्रक’ हे जुन्या जमीन-नोंदींचे शब्द जमिनीच्या दाव्यांत आजही ऐकू येतात ते त्यामुळेच.

नियम करण्याची पद्धत सर्वांना सारखी लागू करणारा कायदा भारतात नाही. अमेरिकेत १९४६ पासून तसा संघीय कायदा आहे. तिथे नियमाचा मसुदा आधी प्रसिद्ध करून लोकांचे म्हणणे मागवावे लागते. आपल्याकडे मूळ अधिनियमात ‘पूर्वप्रसिद्धी’ची अट असेल तरच मसुदा राजपत्रात येतो व हरकती-सूचना मागवल्या जातात. मसुदा राजपत्रात छापला म्हणजे तो परांडा किंवा किनवटच्या माणसापर्यंत पोचला, हे कायद्याने धरलेले गृहीतक आहे, एवढेच. नियम झाल्यावर तो विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांपुढे एकूण तीस दिवस ठेवायचा, हे कलम राज्याच्या बहुतेक अधिनियमांत असते. प्रसिद्धीबाबत सर्वोच्च न्यायालयाचा १९५१ चा ‘हरला विरुद्ध राजस्थान राज्य’ हा खटला मूलभूत आहे. जयपूर संस्थानाच्या मंत्रिमंडळाने केलेला अफूचा कायदा कधी प्रसिद्धच झाला नव्हता, म्हणून त्याखालची शिक्षा न्यायालयाने रद्द केली.

शासन निर्णय, म्हणजे ‘जीआर’, या चौकटीच्या बाहेर राहतो. तो ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’ निघतो, त्यावर डिजिटल स्वाक्षरी असते आणि लांबलचक संकेतांकही. पण तो ना सभागृहापुढे जातो, ना त्यावर हरकती मागवल्या जातात. नियम जिथे गप्प आहेत तिथली पोकळी अशा आदेशाने भरता येते, नियम मोडता मात्र येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये संतराम शर्मा प्रकरणात सांगितले. व्यवहारात भरणे आणि मोडणे यांतला फरक तहसीलच्या खिडकीवर कोणी तपासत बसत नाही.

संगणकाने यावर आणखी एक थर चढवला. अधिकार अभिलेखाचे, म्हणजे जमिनीवर कोणाचा काय हक्क आहे याच्या नोंदीचे, नियम १९७१ चे आहेत. गाव नमुना सहा म्हणजे फेरफार (हक्कातल्या बदलाची नोंद), सात म्हणजे अधिकार अभिलेख, बारा म्हणजे पिकांची नोंद. खरेदीखत झाले की तलाठ्याने (आता पदनाम ग्राम महसूल अधिकारी) फेरफार धरायचा, संबंधितांना नोटीस द्यायची, पंधरा दिवस हरकतीची वाट पाहायची आणि मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित करायची. ई-फेरफार प्रणालीत हे टप्पे कायम आहेत, पण प्रणालीत ज्या प्रकाराला पर्याय नाही ती नोंद अडून राहते. हस्तलिखित सातबारा संगणकावर चढवताना झालेल्या चुका संहितेच्या कलम १५५ खाली दुरुस्त होतात. चूक टंकणाऱ्याची, अर्ज शेतकऱ्याचा!

ई-पीक पाहणी हे याहून बोलके उदाहरण. उभ्या पिकाची नोंद घेणे हे नियमांनी तलाठ्याचे काम होते. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ती नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवरून, शेतात उभे राहून पिकाचा फोटो काढून करायची असे ठरले. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात रेंज मिळाली नाही, तर पीकपेरा कोरा राहतो. २०२३ च्या खरिपातील कापूस व सोयाबीनसाठी हेक्टरी ५,००० रुपये, दोन हेक्टरपर्यंत, असे अनुदान जाहीर झाले, तेव्हा पात्रतेचा आधार हीच नोंद होती. ती नसलेल्यांनी ओरड केल्यावर सातबाऱ्यावरची नोंदही ग्राह्य धरली गेली.

सेवा वेळेत मिळाव्यात म्हणून महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ आहे. त्यात सेवांची यादी नाही. ती, मुदत आणि पदनिर्देशित अधिकारी हे सगळे अधिसूचनेने ठरते. सेवा वेळेत मिळाली नाही तर दोन अपिले खात्यातच, तिसरे लोकसेवा हक्क आयोगाकडे. कसूर करणाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये शास्ती. मुदत मोजायची ती अर्ज मिळाल्यापासून. ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या’ असे सेवा केंद्रात ऐकून परतलेल्या माणसाचा अर्जच दाखल झालेला नसतो, त्यामुळे त्याचा उशीर कुठेच मोजला जात नाही. केंद्राच्या माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मध्ये इलेक्ट्रॉनिक राजपत्राला मान्यता आहे (कलम ८), आणि कलम ९ सांगते की कागदपत्र इलेक्ट्रॉनिक स्वरूपातच स्वीकारा असा आग्रह नागरिकाला हक्काने धरता येणार नाही. उलट बाजूने, शासनाने कागदी अर्जही घ्यावा, असे त्या कलमात काही नाही.

मराठा समाजातल्या लोकांना कुणबी जातप्रमाणपत्र देण्यासाठी जुन्या कुणबी नोंदी शोधण्याच्या प्रकरणात हे सगळे थर एकत्र दिसतात. जातप्रमाणपत्राचा अधिनियम २००० चा, त्याचे नियम २०१२ चे. मराठवाड्यातल्या निजामकालीन नोंदी तपासण्याची पद्धत ठरवायला सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती शासन निर्णयाने नेमली गेली. उर्दू आणि मोडीतले दप्तर बाहेर आले, जाणकारांकडून वाचून घेतले गेले, सापडलेल्या नोंदी जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढल्या. २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयाने निजामकालीन हैदराबाद गॅझेटियरचा आधार घेत अर्जदाराच्या चौकशीसाठी गावपातळीवर तिघांची समिती ठरवली: ग्राम महसूल अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी आणि सहायक कृषी अधिकारी. ज्याच्याकडे जमिनीचा पुरावा नाही, त्याने १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वी आपले पूर्वज त्या भागात राहत असल्याचे प्रतिज्ञापत्र द्यायचे. या निर्णयाला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले.