यूट्यूब-इन्स्टाची कमाई आणि आयकर रिटर्न: सीमाभागातल्या क्रिएटरांनी काय तयार ठेवावं

आयकर केंद्राचा. त्यामुळे चॅनल मराठी असो की कन्नड, प्रेक्षक कोल्हापूरचे असोत की दुबईचे, बेळगाव-खानापूर-निपाणीत राहणाऱ्याला नियम तेच. आपल्याकडे घोळ होतो तो एकाच ठिकाणी: बँकेत पडले तेवढेच पैसे कमाई म्हणून धरले जातात. आयकर खातं कापाकापीच्या आधीचा आकडा धरतं, आणि खाली सांगितलेले बहुतेक कागद त्या फरकाचा हिशेब देण्यासाठी लागतात.

रिटर्न कुणी भरायचं?

2025-26 या आर्थिक वर्षासाठी नव्या करप्रणालीत खर्च वजा जाता एकूण उत्पन्न 4 लाखांच्या वर गेलं की रिटर्न भरावंच लागतं. ‘12 लाखांपर्यंत टॅक्स नाही, मग कशाला भरायचं?’ हे सर्रास ऐकू येतं. 12 लाखांची ती सवलत करातली, आणि तीही रिटर्न भरूनच मिळते. उत्पन्न 4 लाखांखाली असलं तरी वर्षभरात 25 हजार किंवा जास्त टीडीएस (पैसे देणाऱ्याने आधीच कापून भरलेला कर) कापला असेल तर रिटर्न सक्तीचं आहे.

पगारदारांचा आयटीआर-1 हा रिटर्नचा फॉर्म इथे चालत नाही, नोकरी सांभाळून चॅनल चालवत असाल तरीही. आयटीआर-3 (प्रत्यक्ष खर्चाचा हिशेब दाखवून) किंवा आयटीआर-4 (ठरावीक टक्क्याने उत्पन्न धरून) लागतो. दोन्हींत सोशल मीडिया इन्फ्लुएन्सरसाठी 16021 हा वेगळा कोड आला आहे.

कागदपत्रं

पॅन आधारशी जोडलेलं हवं आणि दोन्हींवर नावाचं स्पेलिंग एकच हवं. पत्त्यात कुठे बेळगाव, कुठे बेळगावी असेल तर त्याची फार काळजी नको. त्यानंतर आयकर पोर्टलवरून एआयएस आणि 26एएस उतरवून घ्या. कुठल्या ब्रँडने किती पैसे दाखवून किती टीडीएस कापला, ते तिथे दिसतं. 45 हजार जमा झाले आणि 5 हजार टीडीएस गेला असेल, तर उत्पन्न 50 हजार लिहायचं. कापलेले 5 हजार करातून वळते होतात, जास्त झाले तर परत मिळतात.

अ‍ॅडसेन्सचं गणित (यूट्यूबवरच्या जाहिरातींचे पैसे गूगल याच सेवेतून देतं) जरा वेगळं. अमेरिकेतल्या प्रेक्षकांमुळे झालेल्या कमाईवर तिथला कर कापला जातो. अ‍ॅडसेन्समध्ये डब्ल्यू-8बेन फॉर्म भरून भारत-अमेरिका कराराचा लाभ मागितला असेल तर 15 टक्के, नाहीतर त्याहून बराच जास्त. दर तीन वर्षांनी हा फॉर्म नव्याने भरावा लागतो, आणि नेमका तोच विसरला जातो. कापलेल्या कराचं क्रेडिट इथे हवं असेल तर 1042-एस प्रमाणपत्र (अमेरिकेत कर कापल्याचा दाखला) जपून ठेवा, फॉर्म 67 भरा आणि आयटीआर-3 निवडा. आयटीआर-4 मध्ये ते घेता येत नाही. इथला कर शून्य निघाला, तर मात्र अमेरिकेत गेलेला पैसा इथून परत मिळत नाही.

दरमहाचे पेमेंट रिपोर्ट, बँक स्टेटमेंट आणि परदेशी रक्कम जमा झाल्याचा बँकेचा दाखला एकाच फोल्डरमध्ये ठेवा.

भेटवस्तूही यात येतात. खडेबाजारातल्या एखाद्या दुकानाने 30 हजारांचा मोबाईल रिव्ह्यूसाठी दिला आणि तो तुमच्याकडेच राहिला, तर 30 हजार तुमचं उत्पन्न. शूटिंग करून परत केला असेल तर नाही. पण परत केल्याचा साधा मेसेज तरी जपून ठेवा. एका कंपनीकडून वर्षात 20 हजारांच्या वर वस्तू मिळाल्या तर ती 10 टक्के टीडीएसही कापते.

आयटीआर-3 मध्ये दाखवलेल्या खर्चाला बिल हवंच. लॅपटॉपवर वर्षाला 40 टक्के घसारा (वस्तू जुनी होते त्याची वजावट) मिळतो, कॅमेऱ्यावर 15 टक्के. खरेदीच्या वर्षी वापर 180 दिवसांपेक्षा कमी असेल तर निम्मा. राजहंसगडावर शूटिंगला गेलात तर पेट्रोल खर्चात धरता येतं, घरच्यांसोबतची गोव्याची ट्रिप नाही.

जीएसटी

वर्षाची एकूण उलाढाल 20 लाखांच्या वर गेली की नोंदणी लागते. यातही परदेशी कमाई धरूनच मोजायचं. नोंदणी झाल्यावर कोल्हापूरच्या, म्हणजे दुसऱ्या राज्यातल्या, ग्राहकाला दिलेल्या बिलावर आयजीएसटी लागतो, बेळगावातल्या, म्हणजे आपल्याच राज्यातल्या, ग्राहकाला सीजीएसटी-एसजीएसटी. नोंदणीत घराचा पत्ता देताना घर वडिलांच्या नावावर असेल तर हेस्कॉमचं वीजबिल आणि त्यांचं संमतीपत्र जोडा.

आगाऊ कर

टीडीएस वजा जाऊन वर्षाचा कर 10 हजार किंवा जास्त होणार असेल, तर प्रत्यक्ष खर्चाचा हिशेब दाखवणाऱ्यांनी 15 जून, 15 सप्टेंबर, 15 डिसेंबर आणि 15 मार्च असे चार हप्ते भरायचे; आयटीआर-4 वाल्यांनी सगळा आगाऊ कर 15 मार्चपर्यंत एकदम भरला तरी चालतो. चुकले की व्याज लागतं. दिवाळीत ब्रँडची कामं जास्त येतात, त्यामुळे डिसेंबरचा हप्ता ठरवताना नव्याने हिशेब करा.