जॉन केज : तारांत अडकवलेल्या स्क्रूची पार्श्वभूमी

अमेरिकन संगीतकार जॉन केजची (1912–1992) चर्चा लगेच 1952 सालच्या '4 मिनिटे 33 सेकंद' या रचनेवर येऊन थांबते. तीत वादक एकही स्वर वाजवत नाही, भोवतीचे आवाजच ऐकायचे. तिथवर तो पोहोचला ते प्रीपेअर्ड पियानोच्या, म्हणजे तारांत वस्तू अडकवून आवाज बदललेल्या पियानोच्या वाटेने.

1940 च्या सुमारास अमेरिकेतील सिएटलच्या कॉर्निश स्कूल या कलाशाळेत नर्तकी सिविला फोर्ट यांच्या नृत्यासाठी त्याला तालवाद्यांचा ताफा हवा होता. मंचावर जागा होती एका पियानोपुरती. संगीतकार हेन्री कॉवेल पियानोच्या तारा थेट हाताने छेडत, हे त्याने पाहिले होते. त्याने तारांवर ताटली ठेवली, ती उडू लागली. खिळा घातला, तो घसरला. स्क्रू मात्र आट्यांमुळे दोन तारांच्या मध्ये टिकून राहिला.

या तंत्राचे शिखर म्हणजे 'सोनाटाज अँड इंटरल्यूड्स' (1946–48). यात 16 सोनाटा (छोट्या वाद्यरचना), 4 इंटरल्यूड (मधले तुकडे) आणि 45 स्वरांच्या तारांत स्क्रू, बोल्ट, नट, रबर, प्लास्टिक. नुसती मांडणी करायलाच दोन-तीन तास लागतात. कोणती वस्तू कोणत्या दोन तारांत, डॅम्परपासून (तारेचा नाद थांबवणाऱ्या गादीपासून) किती इंचांवर घालायची, याचा तक्ताच स्वरलिपीसोबत असतो. मधल्या व वरच्या सप्तकांत एका स्वराला तीन तारा असतात. स्क्रू दुसऱ्या-तिसऱ्या तारेत असेल, तर पहिली मोकळी तार मूळ स्वरही देते. डावे पेडल दाबले की हातोडी सरकून पहिली तार चुकवते आणि फक्त बदललेला ध्वनी उरतो. स्क्रू बारीक असला तर जोरकस आघाताने निसटतो, जाड असला तर तारा फाकून पियानो बेसूर होतो. म्हणून आधी पियानो सुरात लावायचा, मग लाकडी पाचरीने तारा हलकेच फाकवून वस्तू सरकवायची. खर्जाच्या तांब्याने गुंडाळलेल्या तारांत आट्यांचा स्क्रू घालू नये, गुंडाळी खरवडली जाते.

याच काळात, 1946 मध्ये, अहमदाबादच्या गीता साराभाई न्यू यॉर्कला आल्या. त्यांनी केजला भारतीय संगीत शिकवले, केजने त्यांना काउंटरपॉइंट, म्हणजे एकाच वेळी अनेक स्वतंत्र सुरावटी गुंफण्याचे पाश्चात्त्य तंत्र. फी कुणीच घेतली नाही. मन शांत करून ते दैवी प्रभावासाठी खुले करणे हा संगीताचा हेतू, ही त्यांच्या गुरूंची शिकवण केजने आयुष्यभर सांगितली. कलामीमांसक आनंद कुमारस्वामींच्या लेखनातून त्याला नवरस कळले आणि तेच 'सोनाटाज अँड इंटरल्यूड्स'चा आधार बनले. कोणता सोनाटा कोणत्या रसाचा, हे त्याने कधी सांगितले नाही. शोधण्याचा अट्टहास करूही नये.

खरी कलाटणी मात्र तक्त्यानेच दिली. पियानोगणिक तारांची लांबी वेगळी, त्यामुळे तेच इंच दुसरीकडे वेगळाच ध्वनी देत. हवा तो आवाज मुठीत धरण्यासाठी केलेली मांडणी हातून निसटत राहिली आणि जे ऐकू येईल ते स्वीकारायला केज शिकला. 1951 च्या 'म्युझिक ऑफ चेंजेस'मध्ये तो नाणी उडवून, 'ई चिंग' या चिनी ग्रंथाच्या आधारे स्वर ठरवू लागला होता.