हायपरसॉनिक क्षेपणास्त्र

ध्वनीच्या पाचपट किंवा त्याहून अधिक वेगाने, म्हणजेच मॅक ५ च्या वर, वातावरणातून जाणाऱ्या आणि वाटेत दिशा बदलू शकणाऱ्या क्षेपणास्त्रास हायपरसॉनिक क्षेपणास्त्र म्हणतात. ध्वनीचा वेग हवेच्या तापमानानुसार बदलतो. समुद्रसपाटीला तो सेकंदाला सुमारे ३४० मीटर असतो, तर ११ ते २० किमी उंचीवरील थंड हवेत सुमारे २९५ मीटर, त्यामुळे त्या उंचीवर मॅक ५ म्हणजे सेकंदाला जवळजवळ दीड किलोमीटर. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेल्या पहिल्या प्रवासी आगगाडीला ठाण्यापर्यंतचे ३४ किमी अंतर कापण्यास ५७ मिनिटे लागली होती; या वेगाने तेच अंतर २३ सेकंदांत संपते.

दिशाबदलाची अट काढून टाकली, तर हे नाव जवळजवळ निरर्थक ठरते. आंतरखंडीय बॅलिस्टिक क्षेपणास्त्रांची वॉरहेड (स्फोटके वाहणारे अग्रभाग) १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून मॅक २० च्या आसपासच्या वेगाने वातावरणात परतत आली आहेत आणि वृत्तपत्री मथळ्यांत ‘सर्वांत वेगवान’ म्हणून मिरवणारी बहुतेक नवी अस्त्रे त्यांच्याहून संथच आहेत. फरक मार्गाचा आहे. बॅलिस्टिक क्षेपणास्त्राचे इंजिन बंद पडले, की पुढचा प्रवास भिरकावलेल्या दगडासारखा, मुख्यतः गुरुत्वाकर्षणाने ठरलेला असतो, आणि म्हणून ते कोठे पडणार याचे गणित बचाव करणाऱ्याला लवकर मांडता येते. हायपरसॉनिक अस्त्र विरळ हवेतच राहते, हवेचा आधार घेऊन वळते आणि हे गणित अखेरपर्यंत अनिश्चित ठेवते.

या अस्त्रांचे दोन प्रकार आहेत. पहिला प्रकार ग्लाइड वाहनाचा, म्हणजे इंजिनाविना घसरत जाणाऱ्या वाहनाचा. रॉकेट त्याला वातावरणाच्या वरच्या थरापर्यंत नेऊन सोडते. पुढे त्याला स्वतःचे इंजिन नसते. चपट्या, पाचरीसारख्या आकारामुळे हवा त्याला उचलून धरते आणि ते शेकडो किंवा हजारो किलोमीटर घसरत जाते. ऑस्ट्रियन अभियंता ऑयगेन झेंगर याने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मांडलेल्या कल्पनेत वाहन दाट हवेवर आपटून पुन्हा वर उसळत जाणार होते. ठाण्याच्या तलावपाळीवर चपटी खापरी फेकून पाण्यावर भाकऱ्या काढणाऱ्या कोणालाही हे तत्त्व समजावून सांगावे लागत नाही. चिनी शास्त्रज्ञ चिएन श्यूसेन यांनी पुढे सुचवलेला मार्ग अशा उसळ्यांऐवजी सलग घसरणीचा होता. प्रत्येक वळणाची किंमत मात्र वेगाने मोजावी लागते, कारण गेलेला वेग भरून काढायला इंजिनच नसते. चीनने १ ऑक्टोबर २०१९ च्या संचलनात दाखवलेले डीएफ-१७ आणि रशियाने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तैनात केल्याचे जाहीर केलेले अवानगार्ड ही या प्रकाराची उदाहरणे होत.

दुसरा प्रकार स्वतःच्या इंजिनाच्या जोरावर उडत राहणाऱ्या क्रूझ क्षेपणास्त्राचा असून अभियांत्रिकीच्या दृष्टीने तो अधिक अवघड आहे. ब्रह्मोससारख्या सुमारे मॅक ३ च्या स्वनातीत (ध्वनीहून वेगवान) क्षेपणास्त्रातील रॅमजेट इंजिन आत येणारी हवा ध्वनीपेक्षा कमी वेगावर आणून मग इंधन जाळते. मॅक ५ च्या पुढे हवेला इतके रोखले, तर ती एवढी तापते की ज्वलनातून मिळणारा जोर घटत जातो. म्हणून स्क्रॅमजेट या इंजिनात हवा स्वनातीतच ठेवतात, आणि मग इंधन मिसळून पेटण्यास मिलिसेकंदाच्या आसपासचा अवधी उरतो. स्क्रॅमजेट उभ्या जागेवरून सुरू होत नाही. आधी रॉकेटने त्याला मोठा वेग द्यावा लागतो. अमेरिकेच्या एक्स-४३ए या विनामानव विमानाने १६ नोव्हेंबर २००४ रोजी मॅक ९.६ च्या आसपास वेग गाठला. भारतात इस्रोने २८ ऑगस्ट २०१६ रोजी स्क्रॅमजेटची उड्डाण-चाचणी घेतली. डीआरडीओ या संरक्षण संशोधन संस्थेच्या प्रात्यक्षिक वाहनाने ७ सप्टेंबर २०२० रोजी ओडिशाच्या किनाऱ्याजवळील अब्दुल कलाम बेटावरून उड्डाण केले आणि मॅक ६ च्या सुमारास त्याचे स्क्रॅमजेट २० सेकंदांहून अधिक चालले. एप्रिल २०२५ मध्ये हैदराबादला ज्वलनकक्षाची जमिनीवरील चाचणी १,००० सेकंदांपलीकडे गेली.

रशियाचे विमानातून सोडले जाणारे किंझाल अनेकदा याच पंक्तीत बसवतात, पण ते मूलतः वळणे घेऊ शकणारे बॅलिस्टिक क्षेपणास्त्र आहे. मे २०२३ मध्ये पेट्रियट या अमेरिकी बनावटीच्या हवाई संरक्षण प्रणालीने कीवच्या परिसरात एक किंझाल पाडल्याचे युक्रेनने जाहीर केले व अमेरिकेने त्यास दुजोरा दिला.

या वेगाने जाणाऱ्या अस्त्राचा मोठा शत्रू उष्णता होय. मॅक ५ ला वाहनाच्या टोकापाशी थबकलेली हवा सुमारे १,००० अंश सेल्सिअसपर्यंत तापते, आणि ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील कारखानदाराच्या ओळखीचे ॲल्युमिनियम ६६० अंशांनाच वितळते. म्हणून टोक व पंखांच्या कडा कार्बन-कार्बन संमिश्रे किंवा सिरॅमिक यांच्या करतात. याहून बऱ्याच अधिक वेगांना भोवतालची हवा आयनीभूत (विद्युतभारित) होऊन रेडिओ संपर्कातही अडथळा येतो.

विमानवाहू नौका, रडार केंद्रे, नियंत्रण कक्ष अशा थोड्या, मोलाच्या आणि कडेकोट संरक्षणातील लक्ष्यांसाठी ही महागडी अस्त्रे राखली जातात. भारताने १६ नोव्हेंबर २०२४ रोजी १,५०० किमीहून अधिक पल्ल्याच्या अशा क्षेपणास्त्राची चाचणी घेतली. बचावाची मुख्य अडचण पृथ्वीच्या गोलाईची आहे. येऊरच्या डोंगराआडची बोरिवली जशी ठाण्यातून दिसत नाही, तसे क्षितिजाआडचे वाहन जमिनीवरील रडारला दिसत नाही. ४० किमी उंचीवरचे वाहन साधारण ८०० किमीवर आल्यावरच दृष्टीत येते आणि सेकंदाला दोन किमी वेग धरला, तर हाती सात मिनिटेही उरत नाहीत. बॅलिस्टिक क्षेपणास्त्र खूप उंच चढत असल्याने कितीतरी आधी दिसते. यावर उपाय म्हणून अवकाशातून अवरक्त किरणांद्वारे माग काढण्याचे प्रयत्न चालू असून, अमेरिकेने फेब्रुवारी २०२४ मध्ये असे दोन प्रायोगिक उपग्रह सोडले. तापलेल्या वाहनाची उष्णताच त्यांना त्याचा पत्ता देते.