रडं थांबणं आणि सावरणं : एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

लहान मुलांनी राग, भीती, निराशा कशी सावरायला शिकावं, यावर आता पालकसभांपासून बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यांपर्यंत सगळीकडे बोललं जातं. सल्ल्यांना तोटा नाही. पण या सगळ्या चर्चेत एक गल्लत पिढ्यानपिढ्या चालत आली आहे. मूल गप्प झालं की ते सावरलं, असं मोठी माणसं धरून चालतात. गेल्या शंभर वर्षांत या विषयात जे वाद झाले, त्यातले बरेचसे याच गृहीतकापाशी येऊन अडकले.

1928 साली अमेरिकेत निघालेल्या एका गाजलेल्या मार्गदर्शकात पालकांना बजावलं होतं, की मुलांना मिठीत घेऊ नका, मांडीवर बसवू नका. फार तर रात्री कपाळावर एकदा ओठ टेकवा आणि सकाळी हस्तांदोलन करा. रडण्याला दाद दिली की रडणं वाढतं, हा त्यामागचा हिशेब. तीनच वर्षांनी मिनिआपोलिसमधल्या एका संशोधिकेने वेगळी वाट धरली. तिने 45 मुलांच्या आयांना रोजची नोंद ठेवायला सांगितली: मूल कधी चिडलं, कशावरून, किती वेळ, आणि तुम्ही काय केलंत. रागाच्या 1,878 प्रसंगांच्या नोंदी जमल्या. बहुतेक प्रसंग पाच मिनिटांच्या आत मिटलेले होते. आकांडतांडवाचा कळस वयाच्या दुसऱ्या वर्षी होता आणि पुढे ते झपाट्याने कमी होत गेलं. दुपारच्या आणि संध्याकाळच्या जेवणाआधी राग जास्त, सर्दीपडशात जास्त, घरात पाहुणे आले की जास्त. मुलाच्या हट्टीपणाबद्दल बोलताना ते भुकेलेलं, आजारी किंवा दमलेलं होतं का, हे आधी पाहावं, हे इतक्या जुन्या नोंदींतून दिसत होतं. ते मागे पडलं आणि हस्तांदोलनाचा सल्ला मात्र घरोघरी गेला, याचं आजही वाईट वाटतं.

खरा पेच पडला तो ब्रिटनमधल्या रुग्णालयांत. तिथली हकीकत सविस्तर सांगायला हवी, कारण पुढचे बहुतेक वाद तिच्याच वळणाने गेले.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या लंडनमध्ये मुलांच्या वॉर्डात आईबापांना भेटीची वेळ नावापुरतीच असे. कुठे फक्त रविवारी तासभर. कुठे तीन वर्षांखालच्या मुलांना भेटायला बंदी. आईने काचेच्या आडून पाहायचं. एका मोठ्या रुग्णालयात पहिला महिनाभर भेट नाही, मात्र संध्याकाळी सात ते आठ या वेळेत मूल झोपलेलं असताना त्याला पाहून जाता येई. यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. आईबाप जंतुसंसर्ग आणतील ही भीती होती. शिवाय परिचारिकांच्या अनुभवाचं एक कारण होतं. आई येऊन गेली की मूल भोकाड पसरतं, एकाचं ऐकून दुसरं रडतं, सगळा वॉर्ड डोक्यावर घेतला जातो. भेटी बंद ठेवल्या, की दोनतीन दिवसांत मूल गप्प होतं, दिलेलं खातं, कुणी उचललं तरी कां कू करत नाही. नोंदवहीत त्याला ‘रुळलं’ म्हणत.

एका समाजकार्यकर्त्याला मात्र ही गप्प मुलं पाहून चैन पडेना. मनोविश्लेषणाचा अभ्यास असलेला हा माणूस वॉर्डात तासन्‌तास बसून राही. आधी रडून ओरडून विरोध, मग मलूल होऊन बसणं, आणि शेवटी आईविषयीच अलिप्त होणं, असे तीन टप्पे त्याने टिपले. परिचारिका ज्याला रुळणं म्हणत होत्या, ते त्याच्या मते दुसऱ्या टप्प्याच्या शेवटी किंवा तिसऱ्याच्या सुरुवातीला दिसणारं वागणं होतं. डॉक्टरांना हे पटेना, तेव्हा त्याने हाती कॅमेरा घेतला. सोयीचे क्षण निवडले असा आरोप होऊ नये म्हणून मूल निवडलं ते प्रतीक्षायादीतून, आणि चित्रण केलं ते दिवसाच्या ठरावीक वेळी, भिंतीवरचं घड्याळ चौकटीत ठेवून.

यादीतून निघाली ती अडीच वर्षांची, वयाच्या मानाने फारच समंजस मुलगी. बेंबीच्या हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी ती आठ दिवस राहिली. ती आरडाओरडा करत नाही. खेळता खेळता चेहरा आवळते, रडू गिळते, आणि अधूनमधून आईविषयी विचारते. आई घरी न्यायला आली तेव्हा ती सामान गोळा करून निघाली, पण आईने पुढे केलेला हात तिने धरला नाही.

1952 च्या नोव्हेंबरमध्ये लंडनमधल्या वैद्यकांच्या सभेत ही फिल्म दाखवली, तेव्हा सभागृह खवळलं. व्यवसायाची बदनामी केली, ही मुलगी अपवादात्मक आहे, आमच्या वॉर्डातली मुलं आनंदात असतात, फिल्म मागे घ्या, असा सूर लागला. काही डॉक्टरांनी मात्र परत जाऊन आपल्या वॉर्डातल्या गप्प मुलांकडे नव्याने पाहिलं. न्यूकॅसलमध्ये तर 1920 च्या दशकापासूनच एक बालरोगतज्ज्ञ आयांना मुलांसोबत ठेवून घेत होते. म्हणजे हे अशक्य आहे हा दावा मुळातच टिकणारा नव्हता. 1959 मध्ये सरकारी समितीने शिफारस केली, की भेटीवर बंधन नको आणि पाच वर्षांखालच्या मुलांच्या आयांची राहण्याची सोय करावी. कागदावर निर्णय झाला, वॉर्डात पोचायला त्याला पुढची कितीतरी वर्षं लागली. 1961 पासून आयांच्या गटांना त्यासाठी वेगळं झगडावं लागलं. माझ्या मते या विषयातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच. विरोधकांचं एक निरीक्षण मात्र खरंच होतं: आई आली की मूल रडतंच. दोन्ही बाजू तेच रडणं पाहत होत्या. एका बाजूला ते शिस्त मोडल्याचं लक्षण वाटलं, दुसऱ्या बाजूला नातं अजून शाबूत असल्याचं.

आपल्या सरकारी रुग्णालयांत आई मुलाच्याच खाटेवर अंग टाकते. त्यामागे असा कुठला वाद किंवा समिती नव्हती; परिचारिका कमी पडतात, हे कारण पुरेसं होतं. मुलांचा त्यात फायदा झाला, हे तितकंच खरं.

गप्प मुलाच्या शरीरात काय चाललेलं असतं, हे मोजता येऊ लागलं 1970 च्या दशकात. बॉस्टनमध्ये आयांना काही मिनिटं तान्ह्या बाळासमोर निर्विकार चेहऱ्याने बसायला सांगितलं गेलं. बाळं आधी हसून, हातवारे करून आईला परत बोलवू पाहत, मग मान फिरवत आणि कोमेजत. म्हणजे सावरण्याचं काम बाळ एकट्याने करत नव्हतं, ते दोघांत मिळून चाललेलं होतं. 1977 च्या एका अमेरिकन अभ्यासात आई थोडा वेळ बाहेर जाऊन परत आल्यावर तिच्याकडे न पाहता खेळण्यात रमलेल्या बाळांच्या हृदयाचे ठोके मोजले. चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं, ठोके मात्र बराच वेळ चढलेलेच होते.

एवढं हाती असूनही वाद मिटला नाही, कारण मोजमापं नेहमी एकाच बाजूने बोलत नाहीत. बाळाला रडू देऊन एकट्याने झोपायची सवय लावावी का, हा पश्चिमेतला कळीचा प्रश्न. नोकरीनिमित्त तिकडे गेलेल्या मराठी घरांतही आजी आणि सून यांच्यात यावरून मतभेद होतात. 2012 मध्ये न्यूझीलंडमधल्या 25 बाळांच्या अभ्यासात तिसऱ्या रात्रीपर्यंत रडणं थांबलं, पण लाळेतलं ताणाचं संप्रेरक उतरलं नाही. मूल गप्प बसलं, म्हणून आईचा ताण तेवढा उतरला. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, ही त्यातली मोठी उणीव. 2016 मध्ये ऑस्ट्रेलियात 43 बाळांवर गट पाडून प्रयोग झाला. ताण वाढल्याचं किंवा वर्षभराने आईशी असलेलं नातं बिघडल्याचं दिसलं नाही. दोन्ही अभ्यास छोटे आहेत. कुणी त्यातला एकच दाखवत असेल, तर दुसराही मागून घ्यावा.

‘टाइम-आउट’चंही, म्हणजे चुकलेल्या मुलाला थोडा वेळ बाजूला एकटं बसवण्याच्या पद्धतीचंही, तसंच झालं. 1950 च्या दशकात प्रयोगशाळेत प्राण्यांवर वापरलेली ही पद्धत पुढच्या दशकात घरांत आणि शाळांत आली. चापटीला पर्याय म्हणून ती सुचवली गेली: दोनचार मिनिटं, आधी कारण सांगून, आणि एरवी घरात भरपूर माया असेल तरच. वापरात ती बहुतेकदा खोलीत कोंडण्यापर्यंत घसरली. 2014 मध्ये दोन अमेरिकन तज्ज्ञांनी तिच्यावर जाहीर टीका केली, त्यावर इतर मानसशास्त्रज्ञ तुटून पडले, आणि मग आपला रोख चुकीच्या वापरावर होता असा खुलासा टीकाकारांनाच करावा लागला.

या संशोधनातली बहुतेक मुलं पाश्चात्त्य मध्यमवर्गातली आहेत. नेपाळमध्ये एका ब्राह्मण गावात मोठी माणसं चिडलेल्या मुलाची समजूत काढतात, तर तामांग समाजाच्या गावात त्याला दटावतात आणि लाजलेल्या मुलाला मात्र जवळ घेतात, असं आढळलं. 2007 च्या सुमारास गुजरातमध्ये मुलांना विचारलं, तेव्हा खरचटल्याचं दुखणं दाखवायला त्यांची हरकत नव्हती. राग आणि दुःख मात्र ती लपवत होती. ‘कुठे लागलं बाळाला?’ असं विचारणाऱ्या घरात ‘कशाचा राग आला?’ हे विचारलं जातंच असं नाही. आपल्याकडच्या मुलांचं गप्प बसणं समजून घ्यायचं तर सुरुवात इथून करावी लागेल.

भारतातल्या कायद्याने हा विषय शिक्षेच्या बाजूने गाठला. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम 17 ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना बंदी घातली; कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे. तो सहा वर्षांपुढच्या मुलांसाठी. 2022 च्या पायाभूत स्तराच्या अभ्यासक्रम आराखड्यात तीन ते आठ वयोगटाने आपल्या भावना ओळखाव्यात आणि सावराव्यात अशी अपेक्षा लिहिली आहे. 2017 च्या मातृत्वलाभ दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक केलं आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊन यायची मुभा दिली. उसाच्या फडावर किंवा घरकामाला जाणाऱ्या आईला यातलं काही मिळत नाही. अंगणवाडीतलं पूर्वप्राथमिक शिक्षण तिसऱ्या वर्षानंतरचं. त्याआधी मुलाच्या वाट्याला येतो तो मुख्यतः घरी न्यायचा आहार, वजनकाटा आणि लसीकरणाची तारीख. मिनिआपोलिसच्या नोंदींत आकांडतांडवाचा कळस होता तो नेमका याच वयात. 2022 पासून अंगणवाडीला जोडून पाळणाघरं काढायची केंद्राची योजना सहा महिन्यांपासूनच्या मुलांसाठी आहे. त्या पाळणाघरात एका बाईच्या वाट्याला किती मुलं येतात, हे आधी विचारायला हवं; भावनांच्या चित्रांचे तक्ते भिंतीवर नंतर लावता येतील.