‘सिस्टर’ म्हणजे नेमकी कोण? एका सभेची पार्श्वभूमी

बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी सेवा क्लबने या महिन्याची सभा ‘परिचर्या आणि सामुदायिक आरोग्य’ या विषयावर ठेवली आहे. गावांतल्या आरोग्य उपकेंद्रांना वजनकाटे आणि बीपी मशीन द्यायचा ठराव आहे, पैसेही जमलेत. तयारीच्या बैठकीत गाडी अडली ती एका शब्दावर. ठरावात ‘नर्स’ लिहायचं, ‘आरोग्य सेविका’ लिहायचं की ‘सीएचओ’ (समुदाय आरोग्य अधिकारी)? अर्धा तास त्यातच गेला. उगाच गेला असं मात्र नाही, कारण हा घोळ क्लबच्या जन्माच्या आधीपासूनचा आहे.

निजामाच्या काळाबद्दल थोडक्यात एवढंच, की जालन्यासारख्या ठिकाणी मिशनचा दवाखाना होता, मोठ्या गावी सरकारी इस्पितळ होतं आणि खेड्यात सुईण होती. प्राथमिक आरोग्य केंद्रं खेड्यांपर्यंत सरकली ती पुढे. सत्तरच्या दशकात अंबाजोगाईला वैद्यकीय महाविद्यालय आलं. वॉर्डातली परिचारिका आणि पाच हजार वस्तीच्या उपकेंद्रावरची एएनएम, म्हणजे बाळंतपणाचं शिक्षण घेतलेली सहायक परिचारिका, दोघींनाही लोक ‘सिस्टर’च म्हणत. कामात मात्र जमीन-अस्मानाचा फरक. एकीच्या मागे डॉक्टर उभा, दुसरीच्या मागे कुलूप लावलेली खोली.

खरी गाठ पडली ती १९७३ मध्ये. तोवर देवी टोचणारा वेगळा, हिवतापासाठी बोटातून रक्त घेणारा वेगळा, कुटुंब नियोजनाचं सांगणारा वेगळा. एकाच उंबऱ्यावर तिघं जात. केंद्राच्या समितीने सुचवलं, की त्याऐवजी बहुउद्देशीय कर्मचारी नेमा, एक बाई आणि एक पुरुष. सूचना शहाणपणाची होती, ते नाकारता येत नाही. पण त्यात एएनएमची ‘आरोग्य सेविका’ झाली आणि तिच्या पदनामातून परिचारिका हा शब्द गळाला. पुढे १९७७ मध्ये प्रशिक्षणही दोन वर्षांवरून दीड वर्षावर आलं. नोंदणी मात्र परिचर्या परिषदेकडेच राहिली. म्हणजे परिषदेच्या वहीत ती नर्स, पगारपत्रकात सेविका, गावात सिस्टर. बाळंतपण करायला शिकलेली बाई पाणी नमुन्यांपासून जन्म-मृत्यूच्या आकड्यांपर्यंत सगळ्याची धनीण झाली, आणि प्रसूतीला हात लावायला तिला वेळ उरेना. नाव बदललं म्हणून काम बदललं, की काम बदलायचं होतं म्हणून नाव बदललं? प्रस्तुत लेखकाचा कल दुसऱ्या बाजूला आहे.

त्यातच ‘केस’ आली. आणीबाणीत आणि नंतरही बरीच वर्षं सिस्टरचं वर्षाचं मोजमाप म्हणजे तिने नसबंदीच्या किती केस आणल्या. १९९६ मध्ये ही उद्दिष्टं कागदावरून गेली. पण दारात सिस्टर दिसली की ‘आता काय मागायला आली’ ही नजर इतक्या लवकर जात नाही.

क्लबांचा यात शिरकाव झाला तो नेत्रशिबिरांपासून आणि जास्त करून पल्स पोलिओपासून, म्हणजे १९९५ नंतर. बूथवर क्लबचा फलक, टेबल-खुर्च्या, चहा. चार आईसपॅक घातलेला लसीचा डबा खांद्याला लावून येणारी सिस्टर, बाळाच्या डाव्या करंगळीच्या नखावर शाईची खूण. २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला. त्या यशाच्या फोटोंत फलक ठळक आहेत.

ऊसतोडीचा प्रश्न या भागाचा खास. दिवाळीच्या आसपास कुटुंबं टोळीसोबत निघतात ती उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मधल्या लसी राहतात, गरोदर बाईची नोंद एका जिल्ह्यात आणि ती दुसऱ्याच. २०१९ मध्ये याच बायकांच्या गर्भपिशव्या काढण्याचा प्रश्न विधिमंडळात गाजला, चौकशी समिती बसली. पिशवी काढायचा सल्ला मिळण्याआधी त्या बाईचं नाव कुठल्या तरी आरोग्य सेविकेच्या रजिस्टरात होतंच. तिला कोणी विचारलं होतं का, हा मुद्दा फारसा पुढे आला नाही.

तिसरा शब्द २०१८ नंतरचा. उपकेंद्राचं आरोग्यवर्धिनी केंद्र झालं (पाटी आता पुन्हा बदलून ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’) आणि तिथे समुदाय आरोग्य अधिकारी, म्हणजे सीएचओ आला. आयुर्वेद पदवीधर किंवा बीएस्सी नर्सिंग, वर सहा महिन्यांचा अभ्यासक्रम, नेमणूक कंत्राटी. वीस वर्षं त्याच खोलीत बसलेल्या सेविकेच्या शेजारी नवी खुर्ची आली. ‘अधिकारी’ कायम नाही, ‘सेविका’ कायम आहे. कोणी कोणाला सांगायचं, हे ज्या त्या उपकेंद्रात ज्याचं त्याने ठरवून घेतलंय.

तयारीच्या बैठकीत शेवटी ‘उपकेंद्रातील आरोग्य कर्मचारी’ असा शब्द घातला गेला, म्हणजे वाद टळला. निमंत्रणपत्रिकेत वक्ते दोन डॉक्टर आणि एक प्राचार्य आहेत. तीन आरोग्य सेविकांची नावं ‘सत्कारमूर्ती’खाली आहेत, शाल-श्रीफळासह. सभेची वेळ आधी दुपारी चारची होती. त्या दिवशी लसीकरण सत्र असल्याने उरलेल्या लसी प्राथमिक आरोग्य केंद्रात परत केल्याशिवाय येता येणार नाही, असं त्यांच्यातल्या एकीने फोनवर कळवलं, तेव्हा ती साडेसहा झाली.