केरळात मृत्युदर बिहारपेक्षा जास्त कसा?

देशभरच्या निवडक ठिकाणी जन्म-मृत्यू मोजणाऱ्या सरकारी नमुना नोंदणी पद्धतीच्या, म्हणजे ‘एसआरएस’च्या, २०२० च्या आकड्यांनुसार बिहारमध्ये दर हजार लोकसंख्येमागे वर्षभरात ५.४ मृत्यू झाले, केरळात ७. त्याच अहवालातला अर्भक मृत्युदर पाहा, चित्र पार उलटं. हजार जिवंत जन्मांमागे वर्षाच्या आत दगावलेली बाळं केरळात ६, बिहारमध्ये २७. पाहणी एक, वर्ष एक, निकाल दोन.

पहिल्या आकड्याला ढोबळ मृत्युदर म्हणतात आणि तो खरोखरच ढोबळ असतो. तो माणसांचं वय बघत नाही. २०११ च्या जनगणनेत साठीपुढच्यांचं प्रमाण केरळात १२.६ टक्के होतं, बिहारमध्ये ७.४. केरळात जन्म कमी झाले, आयुष्य वाढलं, कमावती पोरं आखातात गेली. मागे उरलेल्या लोकसंख्येत म्हाताऱ्यांचा वाटा वाढला. मृत्यू जास्त होणारच. म्हणून तुलना करताना प्रत्येक वयोगटाचा दर वेगळा काढतात आणि दोन्ही राज्यांची वयरचना सारखीच आहे असं धरून तो लावतात. एवढं केलं की केरळ बिहारपेक्षा सरस ठरतं. वर्तमानपत्रांतल्या ‘राज्यांच्या क्रमवारी’त हा खटाटोप बहुतेक वेळा केलेलाच नसतो.

मुळात हे मृत्यू मोजतात कसे? ‘एसआरएस’ची साडेआठ हजारांवर नमुना गावं आणि शहरी विभाग देशभर विखुरलेले आहेत. प्रत्येक ठिकाणी बहुधा अंगणवाडी सेविका किंवा शिक्षक अशी स्थानिक व्यक्ती वर्षभर जन्म-मृत्यू टिपत असते. दर सहा महिन्यांनी एक पर्यवेक्षक येतो आणि तिची वही न बघता घरोघर स्वतंत्र चौकशी करतो. मग दोन्ही याद्या ताडून पाहतात. जुळत नाही त्या नोंदीसाठी पुन्हा त्या घरी जाऊन खात्री करतात.

दोन याद्यांमागचं गणित संख्याशास्त्रज्ञ सी. चंद्रशेखरन आणि डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग यांनी १९४९ मध्ये मांडलं, कोलकात्याजवळच्या सिंगूरच्या नोंदी हाताशी घेऊन. समजा एका यादीत ९० मृत्यू आहेत, दुसरीत ८० आणि दोन्हींत मिळून सामाईक ७२. दुसऱ्या यादीतल्या ८० पैकी ७२, म्हणजे ९० टक्के, पहिलीने पकडले. तर तिचे ९० हे एकूण मृत्यूंच्या ९० टक्के, एकूण १००. याद्या एकत्र केल्या तर मिळतात फक्त ९८. उरलेले दोन कुणालाच दिसले नव्हते, तरी ते मोजले गेले! अट एकच, दोघांनी एकमेकांचं बघून लिहायचं नाही.

नोंद कुठे होते हाही प्रश्न आहेच. कायद्याने मृत्यू घडला त्या ठिकाणी नोंदवला जातो. साताऱ्याचा रुग्ण मुंबईत दगावला तर दाखला मुंबईचा. ‘एसआरएस’ मात्र माणूस नेहमी राहतो कुठे ते पाहते.

करांतही हेच होतं. एप्रिल २०२४ मध्ये देशातल्या २.१० लाख कोटी रुपयांच्या जीएसटी वसुलीत महाराष्ट्राचे ३७ हजार कोटींवर होते, आणि आपल्याकडे लगेच ‘देश आम्ही पोसतो’ सुरू झालं. चाकणची गाडी पाटण्याला विकली गेली की कारखान्याने भरलेला आंतरराज्य कर महाराष्ट्राच्या वसुलीत दिसतो. जीएसटी खपाच्या ठिकाणचा कर असल्यामुळे राज्याच्या वाट्याचा पैसा पुढे हिशेबात बिहारला जातो. प्राप्तिकराचं त्याहून सोपं आहे: कंपनीचं मुख्यालय मुंबईत, भरणा मुंबईत, कमाई मात्र देशभरची.

छोट्या उद्योगांची मोजणी तर मोजणाऱ्यानुसार बदलते. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१५-१६ च्या ७३व्या फेरीत देशात ६.३४ कोटी सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग सापडले. उत्तर प्रदेश आणि पश्चिम बंगाल प्रत्येकी १४ टक्के, महाराष्ट्र ८. अशा उद्योगांच्या नोंदणीसाठीच्या सरकारी ‘उद्यम’ पोर्टलवर मात्र महाराष्ट्र अव्वल. सर्वेक्षक घरातल्या शिलाई मशीनपर्यंत पोहोचतो. पोर्टलवर तोच येतो ज्याला कर्ज, सवलत किंवा सरकारी निविदा हवी असते. त्यात व्याख्याही हलते. १ एप्रिल २०२५ पासून सूक्ष्म उद्योगाची उलाढालीची मर्यादा ५ कोटींवरून १० कोटी झाली, गुंतवणुकीची १ वरून अडीच कोटी. काल ‘लघु’ असलेले कित्येक कारखाने त्या सकाळी ‘सूक्ष्म’ झाले, एकही यंत्र न हलवता.